साबण बहिऱ्यांसाठी

माझ्या बंद मोटारसायकलकडे पाठ करून उभे असताना कानसेन म्हणाले, "पेपरवाले, मागच्या चाकातून हवा जाते." चिखलीतल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमधली ही आमची काही वर्षांपूर्वीची पहिली भेट. मी चाक दाबून पाहिलं. टणक होतं. तसं सांगितलं. "हाताला काय विचारता?" ते म्हणाले. "हाताला उद्या सकाळी कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाक जमिनीला टेकलं होतं. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली तेव्हा व्हॉल्व्हच्या मुळाशी मोहरीहून लहान बुडबुडा आला, सुटला, आणि बऱ्याच वेळाने दुसरा आला. ही गळती त्यांनी सहा फुटांवरून, पाठमोरं उभं राहून ऐकली होती.

गाता येत नाही पण ऐकायचा कान आहे अशा माणसाला आपल्याकडे कानसेन म्हणतात. त्यांना हे नाव महाळुंग्याच्या कारखान्यात मिळालं आणि त्याचा गाण्याशी काही संबंध नव्हता. ते तिथे मेंटेनन्सला फिटर होते. कारखान्यातली निम्मी यंत्रं दाबाच्या हवेवर चालतात. छताखालून हवेचे पाइप गेलेले असतात, त्यांना शेकडो सांधे असतात आणि प्रत्येक सांधा कधी ना कधी गळतो. ती गळती दिसत नाही. यंत्रं चालू असताना ऐकूही येत नाही. म्हणून जेवणाच्या सुटीत, सगळे कँटीनला गेले की, कानसेन शर्टाच्या खिशात खडू घालून मोकळ्या शेडमधून एकटे फिरायचे. मान थोडी डावीकडे कललेली. मध्येच थांबायचे, दोन पावलं मागे यायचे, शिडी लावायचे आणि सांध्याभोवती खडूने गोल काढून मोठ्याने म्हणायचे, "गावला!"

हा शब्द ते गावाहून घेऊन आले होते. रत्नागिरीकडे एका खाडीच्या काठी त्यांचं घर. गळाला मासा लागला की वडील होडीतून हाच शब्द ओरडायचे.

"हवा सांगितल्याशिवाय जात नाय," हे त्यांचं पहिलं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य बालाजीसाठी होतं. बालाजी लातूरकडचा, बारा वर्षं त्यांच्या हाताखाली, आता स्वतः चाळिशीचा. गळती शोधण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे साबणाचं पाणी. बाटलीतून सांध्यावर फवारायचं, फेस फुगला की तिथे गळती आहे. बालाजीने पहिल्या आठवड्यात अशी बाटली आणली. कानसेननी ती उचलली, झाकण उघडून वास घेतला आणि बेसिनवर हात धुवायला ठेवून दिली. "साबण बहिऱ्यांसाठी," ते म्हणाले. "तुला देवाने दोन कान दिलेत, मेल्या. ते काय चष्मा अडकवायला?" हे वाक्य पुढे सगळ्या शेडमध्ये पसरलं. कुणी एकदा सांगून ऐकलं नाही की लोक त्याला म्हणायचे, साबण लाव.

कंपनी प्रत्येकाला कानात घालायला फोमचे नारिंगी बोळे देते. घालणं सक्तीचं आहे. कानसेन ते सही करून घ्यायचे आणि खिशात टाकायचे. सुपरवायझर दिसला की घालायचे, तो वळला की काढायचे. "चोर पकडायला बसवलेल्या माणसाने डोळ्याला पट्टी बांधायची काय?" असा त्यांचा प्रश्न असे. पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या भिंतीपलीकडे, उघड्या कानांनी, त्यांनी एकतीस वर्षं काढली. बोळे मात्र एकही फेकला नाही. घरी बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ते भरून ठेवले होते. त्यांना दोऱ्यात ओवलं की गळाला उत्तम तरंगा होतो, असं त्यांनी मला दाखवलं. एका घमेल्यात पाणी घेऊन, आमच्या जिन्यात.

मासे मारायला मात्र ते कुठे जात नसत. इंद्रायणीत जलपर्णी होती, आणि काठावर बसून गळ टाकणं त्यांना मान्य नव्हतं. "काठावर बसून बगळा मासे मारतो," ते म्हणायचे. "माणसाने पाण्यात जायचं." मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. वाकडला राहणाऱ्या मुलाने, बाबा, तुम्हाला काय हवं, असं विचारलं तेव्हा त्यांनी फोनवर शोधून ठेवलेलं चित्र त्याच्यापुढे धरलं. हवा भरून फुगवायची दोन माणसांची बोट. मुलगा म्हणाला, घड्याळ घ्या. ते म्हणाले, घड्याळ कंपनी देणार आहे.

बोट आली त्या संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावलं. दिवाणखान्यात ती अंथरली होती, राखी-हिरवी, इस्त्री न केलेल्या रेनकोटासारखी. दोन वल्ही, पायाने मारायचा पंप, ठिगळांचं पाकीट. ते गुडघ्यांवर बसून शिवण बोटाने तपासत होते. स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. मग दुसरी. तिसरीला त्यांच्या बायकोने, काकूंनी, गॅस बंद केला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. याच माणसाने पूर्वी बाल्कनीतून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या कुकरचं गॅस्केट गेल्याचं ओळखलं होतं, हे इमारतीत सगळ्यांना पाठ होतं.

"शिट्ट्या झाल्या काय गो?" कानसेननी मान वर न करता विचारलं.

"झाल्या," काकू म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि आत गेल्या.

चार दिवसांनी बालाजी मला इमारतीच्या फाटकाशी गाठायला थांबला होता. वर यायला तो तयार नव्हता. मोटारसायकलवर बसूनच त्याने सांगितलं.

"सर, काकांना ऐकू येईना."

"कधीपासून?"

"बारीक आवाज तर लई दिवसांपासून येत नसंल. आमच्या ध्यानात दिवाळीला आलं. सांधा शू करून वाजायलाय, आन् काका खालून सरळ निघून गेले. मला वाटलं, मुद्दाम परीक्षा घ्यायलेत माझी. मग रोजच व्हाया लागलं. आता ते पुढं जातेत अन् मी मागून साबण मारतो. गळती घावली की त्यांच्या खडूनं गोल काढतो. दुसऱ्या दिवशी त्यांना वाटतं, आपणच काढला."

मी विचारलं, यात इतकी घाई कसली. त्याने सांगितलं. निवृत्तीनंतर कंपनी कानसेनना एक वर्ष ठेवून घेणार होती, फक्त गळतीच्या फेरीसाठी. त्यांची नेमणूक नव्या शेडमध्ये होती. तिथे भट्ट्या येणार होत्या, आणि भट्ट्यांना गॅसची लाइन.

"हवा गेली तर कंपनीचं नुकसान. गॅस गेला तर माणसं जातेत. तिथं त्यांच्या मागं मी नसणार. शुक्रवारी सही हाय."

"मग तू सांग."

"माझी जीभच उचलंना हो. ज्यांनी मला ऐकायला शिकवलं त्यांना कसं सांगू? काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या, कंपनीच्या कानतपासणीचा कागद दर वर्षी येतो, ते न वाचताच देवघरामागं सारतेत. साहेबाला सांगितलं तर चुगली होईल. तुमी पेपरवाले. कसं सांगायचं ते तुमाला येतं."

मी म्हणालो, बघतो. बातमी द्यायची नसते तेव्हा डेस्कवरून हेच उत्तर जातं.

शुक्रवारच्या आधी गुरुवार होता. कंपनीची सुटी गुरुवारी असते, माझीही साप्ताहिक सुटी तीच. कानसेननी बोटीचं पहिलं पाणी गुरुवारचं ठरवलं होतं आणि दुसरा माणूस म्हणून मला धरलं होतं. पाण्यावर गेल्यावर सांगायचं, असं मी ठरवलं. तिथे यंत्रं नसतात, कुकर नसतो, दारात कुणी उभं नसतं.

सकाळी आम्ही मोटारसायकलवर निघालो. बोटीची पिशवी मागे बांधलेली, वल्ही माझ्या खांद्यावर, दोघांच्या अंगात नारिंगी जीवरक्षक जाकिटं, कारण ती ठेवायला जागा नव्हती. चाकणच्या चौकात ट्रेलरच्या रांगेत अर्धा तास गेला. एका ड्रायव्हरने वरून विचारलं, "काय भाऊ, पूर आलाय का पुढं?" मी हसलो. कानसेन हसले नाहीत. पूर्वी असं झालं असतं तर त्यांनी ड्रायव्हरला त्याच्या ब्रेकची हवा कुठून जाते ते सांगितलं असतं.

चाकणच्या पलीकडे धरणाचा फुगवटा आहे. पाणी उतरलं होतं आणि काठाला भेगाळलेल्या चिखलाचा पट्टा होता. तिथे एक वयस्क शेतकरी शेताला पाणी ओढणाऱ्या मोटरशेजारी दगडावर कपडे धूत होते. कानसेननी त्यांना आबा म्हणून हाक मारली आणि गळ टाकायला हरकत आहे का, विचारलं.

"जाळं न्हाई ना?" आबा म्हणाले. "मंग टाका. मासळीचा ठेकेदार जाळ्याला बोलतो, गळाला न्हाई." मग पिशवीकडे बघून, "आन् ह्ये काय, तंबू हाय व्हय?"

"बोट हाय," कानसेन ओरडून म्हणाले. ते अलीकडे सगळ्यांशी ओरडून बोलत. आम्ही ते कोकणावर टाकलं होतं.

बोट फुगवण्याचं काम त्यांनी मला करू दिलं नाही. आधी बाभळीचे काटे वेचून जागा साफ केली. त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर बोट. कडेच्या फुगीर नळीत दोन कप्पे होते, डावा आणि उजवा. एक पूर्ण भरून मग दुसरा भरला तर शिवण ओढली जाते, म्हणून दोन्ही आधी अर्धे भरायचे, मग पुरे. तळाची गादी शेवटी. हे त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते बरोबर होतं. पंपावर त्यांचा पाय एका लयीत पडत होता. माहितीच्या कागदावर हवेचा दाब किती हवा ते लिहिलं होतं. तो आकडा वाचून ते म्हणाले, "एवढ्या हवेत फुगा पण उभा राहत नाय." कारखान्यातल्या दाबाची सवय झालेल्या माणसाला तो आकडा थट्टेचा वाटला असणार.

कागद बाजूला ठेवून त्यांनी आपली पद्धत वापरली. नळीवर टिचकी मारायची आणि ऐकायचं. ढब् वाजलं तर हवा कमी, टण् वाजलं तर पुरे. त्यांनी टिचकी मारली. टण् वाजलं. ते म्हणाले, "अजून ढब हाय," आणि पन्नास वेळा पंप मारला. पुन्हा टिचकी. आता आवाज आणखी वर चढला होता. "अजून नाय." मी म्हणालो, "काका, पुरे झालं, टणक झालीय." त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. "तुझे कान पेपरातले," ते म्हणाले आणि पुन्हा पाय चालवला. नळीवरच्या सुरकुत्या केव्हाच गेल्या होत्या. शिवणीच्या कडेला रबर पांढुरकं दिसू लागलं होतं. त्यानंतर गळ बांधण्यात आणि कणकेचे गोळे करण्यात अर्धा तास गेला, आणि तेवढा वेळ बोट उन्हात पडून होती.

पाण्यावर मात्र ते वेगळेच दिसले. बसताना बोट हलली नाही. वल्ह्यांचा आवाज जवळजवळ नव्हता. साठीला आलेला, जिना चढताना गुडघा धरणारा माणूस पाच मिनिटांत आम्हाला काठापासून लांब घेऊन गेला. ते माझ्याकडे तोंड करून बसले होते, मी मागच्या टोकाला. त्यांनी वल्ही आत घेतली, दोन गळ सोडले, एक माझ्या उजव्या हातात दिला. दोन नारिंगी बोळे पाण्यावर शेजारीशेजारी तरंगू लागले.

मी वाक्य मनात जुळवत होतो. तेवढ्यात माझ्या डाव्या मांडीशेजारून आवाज आला. दूध उतू जाण्याआधी पातेल्याच्या कडेने येतो तसा, बारीक आणि सलग.

"बघ," कानसेन म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "काय शांत हाय. कंपनीत कान किटले माझे. एक आवाज नाय बघ इथे."

काठावर आबांची मोटर चालू होती. टिटवी ओरडत होती. आणि हवा जात होती.

मी डाव्या हाताने चाचपलं. नळी जिथे वळते तिथे शिवण उसवली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. अंगठा दाबला. आवाज थांबला. दोन्ही कप्पे वेगळे होते, जाकिटं अंगात होती, आम्ही बुडणार नव्हतो. मी अंगठा तसाच ठेवला आणि गप्प बसलो. बालाजी दिवाळीपासून जे करत होता तेच मी करत होतो, हे माझ्या लक्षात आलं. ते लक्षात येऊनही मी अंगठा हलवला नाही.

किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिलं होतं. बारा मिनिटं. त्यांचा बोळा बुडाला. त्यांनी दोरी ओढली, तळहाताएवढी चिलापी वर आली आणि ते ओरडले, "गावला!" आवाज पलीकडच्या टेकडीवर आपटून परत आला. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी शेडमध्ये कधी पाहिला नव्हता, कारण मी शेडमध्ये कधी गेलोच नव्हतो. पण तो तसाच असणार.

मग त्यांचं लक्ष माझ्या बोळ्याकडे गेलं. तो दिसत नव्हता.

"मेल्या, ओढ की! तुला पण लागलाय."

मी एका हाताने दोरी ओढायचा प्रयत्न केला. एका हाताने दोरी ओढता येते, पण धरून ठेवता येत नाही. ती सरकत होती.

"दुसरा हात काय गावाला गेलाय?" म्हणत ते पुढे वाकले, आणि त्यांना माझा अंगठा दिसला.

"काढ," ते म्हणाले.

मी काढला. त्यांनी शिवणीकडे पाहिलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"येतो आवाज?"

"येतो."

"मोठा?"

"बारीक," मी म्हणालो. ते खोटं होतं; अंगठ्याखाली शिवण आणखी उसवली होती.

ते ओणवे झाले. आधी डावा कान शिवणीजवळ नेला, तो रोजचा, कामाचा. मग उजवा. मग पुन्हा डावा, अगदी टेकवून. कानावरचे त्यांचे पांढरे केस सुटणाऱ्या हवेने हलत होते. ते तसेच राहिले. दोरी माझ्या हातातून निसटून पाण्यात गेली, ती कुणी धरली नाही.

"बालाजी मागून साबण मारतो?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"सांध्यांवर फेसाचे डाग दिसायचे. आणि मला वाटायचं, गोल जरा वाकडे येतात हल्ली. हात थरथरत असेल माझा." मग ते म्हणाले, "आणि घरी ती शिट्ट्या मोजते."

आता सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"अंगठा ठेव," ते म्हणाले. "दोन कप्पे हायत. बुडत नाय." आणि वल्ही बाहेर काढली. मी अंगठा दाबून बसलो होतो. त्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेही नीट होत नव्हतं. डावी नळी हळूहळू मऊ पडत होती आणि बोट एका अंगाला वळत होती. ती सरळ ठेवायला ते एक वल्हं जास्त मारत होते.

काठावर आबा कपडे पिळत उभे होते. "काय घावलं का, पाव्हणं?"

या वेळी कानसेननी आबांचे ओठ नीट पाहिले असावेत. "गावला," ते म्हणाले.

"बघू की किती मोठा."

कानसेननी चिलापी त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "आबा, साबण हाय काय?"

आबांनी कपड्यांच्या साबणाची वडी दिली. मासा धरल्यावर हात धुवायला हवा असेल असं त्यांना वाटलं. कानसेननी वडी ओल्या तळव्यावर घासली, फेस काढला आणि बोटांनी शिवणीवर लावला, हळू, पोराच्या डोक्याला तेल लावावं तसा. फेस क्षणभर तसाच राहिला. मग त्यात एक बुडबुडा उठला, मोठा झाला, फुटला. मग दुसरा. मग ओळीने. ते उकिडवे बसून बघत होते. खिशातून त्यांनी खडू काढला आणि गोल काढायला गेले. ओल्या रबरावर खडू उमटत नाही. शर्टाच्या टोकाने पुसून पुन्हा काढला. फेस पुन्हा वर आला आणि खडू विरघळला. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. खडू खिशात ठेवला.

"साबणाने दिसतं चांगलं," ते म्हणाले. मग मला, "पेपरवाल्या, यापुढे मला बरं वाटावं म्हणून काय बोलायचं नाय. जे हाय ते सांगायचं."

शुक्रवारचं मला बालाजीने सांगितलं. जेवणाच्या सुटीत कानसेन त्याच्यापुढे येऊन उभे राहिले आणि हात पुढे केला. "बाटली दे." बालाजी म्हणाला, कसली बाटली, काका? "बारा वर्षं लपवतोस ती." त्यांनी बाटली घेतली आणि एकेक सांधा फवारत निघाले. अर्ध्या तासात शेडचा एक कोपरासुद्धा झाला नाही. पूर्वी तेवढ्या वेळात दोन शेड व्हायच्या. सुटी संपल्याची घंटा झाली तेव्हा ते शिडीवरच होते. यंत्रं सुरू झाल्याचं त्यांना पायाखालच्या शिडीच्या थरथरीने कळलं. मग ते साहेबांकडे गेले आणि म्हणाले, सही करत नाय, नव्या शेडला बालाजीला घ्या, तो साबण लावतो. साहेबांना वाटलं, थट्टा करतायत.

"माझ्यासाठी बोलले ते," बालाजी म्हणाला. "पण ती बाटली देताना माझा हात उचलंना, सर. वाटलं, आपणच काढून घेतलं त्यांच्याकडचं."

मुलाने वाकडहून श्रवणयंत्र आणलं. चांगलं होतं. कानसेननी ते महिनाभर मन लावून वापरलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सगळं येतं. चमचा येतो, पंखा येतो, माझंच चावणं येतं. हवा तेवढी येत नाय." देवघरामागचे कागद त्यांनी काढून वर्षांप्रमाणे लावले होते. प्रत्येकावर दोन कानांच्या दोन रेघा, दर वर्षी थोड्या आणखी खाली उतरलेल्या. "लिहून देत होते बघ," ते म्हणाले. "सांगितल्याशिवाय नाय गेले कान."

मे महिन्यात ते आणि काकू गावी गेले, कायमचे. बोटीला ठिगळ लावून त्यांनी ती माझ्याकडे दिली, सोबत बोळ्यांचा डबा. ठिगळ पक्कं आहे. मी नंतर एकदा गच्चीवर बोट फुगवून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मऊ झालेली होती. कुठूनतरी हवा जाते. मी सगळ्या शिवणींना साबण लावला, मला काही दिसलं नाही. आता ती माळ्यावर आहे.

गुरुवारी त्यांचा फोन येतो. ते बोलतात, मी बोलतो, आणि माझं बोलणं काकू शेजारून त्यांना मोठ्याने सांगतात. मागच्या गुरुवारी ते खाडीवर होते. म्हणाले, "भरती येते. ऐक." आणि त्यांनी फोन पाण्याकडे धरला असावा. माझ्या कानात नुसता वाऱ्याचा खरखराट आला. बराच वेळ आला.

"आला काय आवाज? खडकात पाणी शिरतं त्याचा?"

हो म्हणणं सोपं होतं. मी काकूंना म्हणालो, "त्यांना सांगा, नाही आला. वारा आहे नुसता."

काकूंनी ते दोनदा ओरडून सांगितलं. मग कानसेन काहीतरी म्हणाले आणि काकू हसल्या. हसत हसतच त्यांनी निरोप दिला.

"म्हणतायत, त्याला सांग, साबण लाव."